पंचेचाळिशीत पुन्हा सायकल

डिसेंबरातला रविवार. फजरची नमाज आणि चहा उरकून मी सायकल बाहेर काढली, तेव्हा लातूरच्या आमच्या गल्लीत अजून अंधारच होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. "ओढणी नीट बांध, आणि आयतुल कुर्सी पढून निघ," एवढेच त्या म्हणाल्या. चार महिन्यांपूर्वी याच सासूबाईंनी "या वयात सायकल? लोक काय म्हणतील?" असे म्हणून आठवडाभर अबोला धरला होता.

सायकल मला नवीन नाही. लहानपणी अब्बांच्या काळ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत मी ती शिकले. गुडघे फुटले, पण शिकले. सातवीची परीक्षा झाली आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. कोणी रागावले नाही, कोणी मनाईही केली नाही. "आता तू मोठी झालीस," एवढ्या एका वाक्यात काम झाले. हायस्कूल अडीच किलोमीटरवर होते. भाऊ सोबत असला तर शाळा, तो आजारी पडला तर माझीही सुट्टी.

पुढे बी.एड. झाले, शिक्षिका झाले, संसार झाला. मागच्या वर्षी रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारले, "रोज चालता का?" गुडघे दुखतात म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सायकल चालवा. गुडघ्यांवर वजन कमी येतं." घरी येऊन पतींना सांगितले. ते हसतील असे वाटले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायकल आणली.

सर्वात मागे कोण?

शाळेतल्या एका सहकारी मॅडम रविवारी सायकलवाल्यांच्या गटाबरोबर जातात. त्यांनीच मला नेले. त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो, त्यात पाच बायका. कोणी दुकानदार, कोणी नर्स, कोणी निवृत्त बँक कर्मचारी. सगळे जण या निवृत्त काकांना मानतात. निघण्यापूर्वी त्यांनी नियम सांगितले. रस्त्यावर एकामागे एक चालायचे. खड्डा दिसला की हाताने खूण करायची. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबायचे. शेवटचा नियम मला फार आवडला. गटातला सर्वात तयार माणूस सर्वात मागे राहतो. जो थकेल, ज्याची साखळी उतरेल, त्याच्यासोबत तो थांबतो. कोणाला एकटे सोडून गट पुढे जात नाही.

औसा रोडने बुधोड्यापर्यंत गेलो. मोठ्या रस्त्यावर गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या, जीव मुठीत होता. मग आलमल्याच्या दिशेने आतल्या रस्त्याला वळलो आणि जग बदलले. तूर शेंगांनी वाकलेली, हरभरा गुडघ्याखाली, ज्वारी पोटऱ्यात आलेली. सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडलेली. समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, की आम्ही सगळे खाली उतरून बाजूला उभे राहायचो. इतकी वर्षे या भागात राहून मी हे सगळे फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिले होते.

बाभळीचा काटा

एका वस्तीजवळ माझ्या सायकलीची हवा गेली. बाभळीचा काटा. पुढचे सगळे थांबले, काकांनी ट्यूब काढली. तेवढ्यात शेतावर न्याहारी घेऊन निघालेली एक बाई आणि तिची मुलगी जवळ आल्या. मुलगी माझी ओढणी, हेल्मेट आणि सायकल आळीपाळीने बघत होती.

"कितवीत आहेस?" मी विचारले.

"सातवीत."

"आठवीला कुठे जाणार?"

तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "आठवीची शाळा लांब हाय मॅडम. वाट सुनसान. एकटी पोरगी कशी धाडावी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आईची भीती खोटी नव्हती. वर्तमानपत्र मीही वाचते. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच मुलगी उभी राहिली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी सातवीनंतर शाळेत दिसली नाही. घर चार किलोमीटरवर होते. "घरी जाऊन येऊ" असे मी दोन वेळा ठरवले आणि दोन्ही वेळा राहून गेले. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बातमी आली. तिच्या आईनेही हेच कारण सांगितले असेल. मी ते ऐकायलाही गेले नाही.

पंक्चर निघाले. निघताना मागे पाहिले, तर आमच्या गटातला सर्वात मागचा तरुण माझ्यासाठीच थांबला होता. उत्तर तिथेच होते. त्या मुलीला एकटी कोण पाठवा म्हणते?

औशाला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. तिथला भुईकोट किल्ला सखल जागी आहे. खंदकाजवळ जाईपर्यंत त्याचा अंदाजच येत नाही. मलिक अंबरने तो जिंकला होता. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते, पण या तटावर पहिल्यांदाच उभी राहिले. तटावर बसून भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी खाल्ली. जोहरची नमाज औशातल्या खालाच्या घरी पढले. चार वाजता लातूरला परत.

सायकल नको, की सोबत नाही?

घरी आल्यावर मी बराच विचार केला. आपण मुलीच्या हातून सायकल घेतो तेव्हा कारण दीनचे सांगतो, पण भीती असते ती लोकांच्या नजरेची. उंटावर स्वार होणाऱ्या कुरैशच्या स्त्रियांची प्रशंसा तर हदीसमध्ये आली आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या मुली दोन्ही बाजूंना घागरी लटकवलेल्या सायकली ढकलत आणत होत्या. तेव्हा कोणी काही म्हटले नाही. पाण्यासाठी सायकल चालते, तर शाळेसाठी का नको?

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरता मोहीम झाली, तिच्यात अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. हजारो स्त्रिया शिकल्या, त्यांत मुस्लिम स्त्रियाही होत्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. एकेकटी बाई रस्त्यावर आली असती तर टोमणे ऐकून परत गेली असती. त्या मोठ्या संख्येने आल्या, म्हणून टिकल्या.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून निवडक मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते. 2022 मध्ये ही रक्कम 3,500 वरून 5,000 रुपये झाली. आपला तालुका यात आहे का, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

ज्या भगिनींना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. सायकलीला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, म्हणजे कपडा अडकत नाही. पायघोळ बुरखा साखळीत जाऊ शकतो. मी गुडघ्याखालपर्यंतचा सैल कुर्ता, सलवार आणि टाचण्या लावलेली ओढणी वापरते. पेडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट उंच ठेवा. सुरुवातीला वीस मिनिटे पुरेत. आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिथे हळूहळू पोहोचा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खिशात खजूर किंवा साखर ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, की लगेच उतरून ती खा.

आणि त्या वस्तीवरच्या मुलीचे काय? पुढच्या रविवारी सहकारी मॅडमना घेऊन मी तिच्या घरी गेले. एका भेटीत काही झाले नाही. तिसऱ्या भेटीत आईने विचारले, "अजून कोन कोन पोरी जातेत?" आम्ही वस्तीवर फिरलो. आणखी दोन मुली निघाल्या, आणि अकरावीला जाणारी एकीची थोरली बहीण. जूनपासून चौघी एकत्र जातात. थोरली सर्वात मागे असते.

माझ्या मोहल्ल्यातूनही आता तीन मुली सायकलीने शाळेत येतात. पुढे त्या बडबडत असतात. सर्वात मागे मी असते.