हुकूम, कौल आणि करार

एकत्र राहणारे भाऊ कधी वेगळी चूल मांडतात, तर कधी वेगळे राहणारे भाऊ एका छपराखाली येतात. दोन्ही प्रसंगी पहिल्या दिवशी गाजावाजा होतो. खरा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. विहिरीचे पाणी कसे वाटून घ्यायचे? धान्याचा खर्च कोणी किती उचलायचा? घरात शेवटचा शब्द कोणाचा? राज्यांचेही असेच असते. एखादा प्रदेश एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेला, अथवा जाण्याचे त्याने नाकारले, म्हणजे गोष्ट संपत नाही. ती तेथून सुरू होते.

प्रदेशांचे भवितव्य इतिहासात मुख्यतः तीन रीतींनी ठरत आले आहे. पहिली रीत हुकमाची, दुसरी कौलाची आणि तिसरी कराराची.

हुकमाची रीत कशी असते, हे नागपूरच्या इतिहासात दिसते. नागपुरातील सक्करदरा या वस्तीचे नाव भोसल्यांच्या राजवाड्याशी आणि तेथील जुन्या तलावाशी जोडलेले आहे. भोसल्यांचे राज्य एके काळी ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत पसरले होते. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक मरण पावले. तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाचा हक्क मान्य केला नाही आणि १८५४ साली नागपूरचे राज्य कंपनी सरकारच्या मुलखास जोडले. हे करताना प्रजेला कोणी विचारले नाही, राजघराण्याची विनंतीही कोणी मानली नाही. दूर बसलेल्या एका अधिकाऱ्याच्या लेखणीने लक्षावधी लोकांचे भवितव्य ठरले. हुकमाच्या रीतीत लोकांस स्थान नसते, हाच तिचा मोठा दोष होय.

लोकशाहीत ही रीत चालत नाही. तेथे लोकांना विचारावे लागते. एकच प्रश्न ठेवून सर्व प्रौढ नागरिकांचे मत घेणे, यास जनमताचा कौल म्हणतात. याचे अलीकडचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचे आहे. युरोपीय संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे, असा प्रश्न त्या देशाने २३ जून २०१६ रोजी आपल्या नागरिकांस विचारला. शंभरांपैकी सुमारे बावन्न मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. उत्तर एका शब्दाचे होते. पण त्यामागून शेकडो प्रश्न आले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. स्कॉटलंडमध्ये बहुमत संघात राहण्याच्या बाजूचे होते. तेथे असंतोष वाढला. माल सीमेवरून नेताना कोणती कागदपत्रे लागतील, जकात किती पडेल, परदेशी राहणाऱ्यांच्या हक्कांचे काय होईल, यांवर वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. कौल एका दिवसात झाला, परंतु प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० हा दिवस उजाडावा लागला.

मराठी भाषकांस याहून जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज सत्तेतून गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात आला. तो महाराष्ट्रात विलीन करावा असे अनेकांस वाटे. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष या मताचा होता. गोव्याची भाषा, चालीरीती आणि जीवनाची घडण स्वतंत्र आहे, म्हणून तो वेगळाच राहावा, असे डॉ. जॅक सिक्वेरा व त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणत असे. अखेर भारत सरकारने लोकांचाच कौल घेण्याचे ठरविले. कौल निःपक्षपणे व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळे राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, तर दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली. अशा रीतीने ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

यानंतर जे घडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. कौलात विलीनीकरणाचा पक्ष हरला. तथापि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत तोच पक्ष विजयी झाला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्यांनी विलीनीकरण नाकारले, त्यांतील काहींनीही राज्यकारभारासाठी बांदोडकरांवर विश्वास टाकला होता. ‘आपण कोठे राहावे’ हा एक प्रश्न आणि ‘आपला कारभार कोणी पाहावा’ हा दुसरा प्रश्न, हे लोकांनी बरोबर ओळखले. बांदोडकरांनीही निकाल मानला आणि त्याच गोव्याचा कारभार १९७३ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळला. वेगळे राहण्याचा निर्णय झाला, तरी गोव्यास राज्याचा दर्जा लगेच मिळाला नाही. १९८७ साली कोकणी ही राजभाषा ठरली, मराठीच्या वापरासही त्या कायद्यात स्थान मिळाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. कौलापासून तेथवर पोचण्यास वीस वर्षे लागली.

आता तिसरी रीत पाहू. ही कराराची रीत होय, आणि तिचे उदाहरण पुन्हा नागपूरचेच आहे. स्वातंत्र्यानंतर नागपूर ही मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. त्या राज्यात हिंदी भाषक आणि मराठी भाषक असे दोन्ही जिल्हे होते. सर्व मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी जोर धरू लागली, तेव्हा विदर्भातील पुष्कळांच्या मनात एक शंका आली. मुंबई राजधानी असलेल्या मोठ्या राज्यात दूरच्या नागपूरकडे कोण पाहील? ही शंका दूर करण्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी निरनिराळ्या भागांतील पुढाऱ्यांनी ‘नागपूर करार’ केला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदींच्या त्यावर सह्या होत्या. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही भागांस लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळावा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे; नोकऱ्यांत व शिक्षणसंस्थांत त्यांना योग्य वाटा असावा; उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपुरास असावे; विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे, ही त्यातील मुख्य कलमे होत.

यानंतर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली आपला अहवाल दिला. विदर्भाचे आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य व्हावे, अशी शिफारस त्यात होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. येथे मतपेटी मांडून कौल घेतला गेला नव्हता. जे ठरले ते पुढाऱ्यांच्या कराराने आणि संसदेच्या कायद्याने ठरले.

राजधानी गेल्यावर नगराचे काय होते? राजधानीत केवळ मंत्रीच राहतात असे नाही. मंत्र्यांमागे कचेऱ्या असतात, कचेऱ्यांत कारकून असतात, कारकुनांची कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात, त्यांची मुले शाळांत जातात. छापखाने, खाणावळी, वाहने, बाजार या सर्वांचा व्यवहार त्यांच्यावर चालतो. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला तेथील मुख्य न्यायाधीश झाले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. जे काम पूर्वी नगरातल्या नगरात होई, त्यासाठी आता मुंबईचा शेकडो मैलांचा प्रवास करावा लागू लागला.

राजकारणातही याचे पडसाद उमटले. १९६२ साली नागपूरच्या मतदारांनी स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते लोकनायक बापूजी अणे यांना लोकसभेत पाठविले. त्याच वर्षी विदर्भातील चांदा जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्यानंतर पुसदचे वसंतराव नाईक यांनी अकरा वर्षांहून अधिक काळ ते पद भूषविले. एका बाजूने वेगळे होण्याची मागणी आणि दुसऱ्या बाजूने संयुक्त राज्याचे नेतृत्व, असे दोन्ही प्रवाह विदर्भात शेजारी शेजारी वाहत राहिले.

कराराची काही कलमे पाळली गेली. १९६० पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरण्याची प्रथा पडली. २०२० साली करोनाच्या साथीमुळे मात्र ते मुंबईस भरवावे लागले. परंतु निधीच्या वाटणीविषयी तक्रारी वाढत गेल्या. तक्रार खरी की खोटी, हे भाषणांनी ठरत नाही. त्यासाठी मोजमाप करावे लागते. म्हणून १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. समितीची रीत समजण्यास सोपी आहे. समजा, तीन जिल्ह्यांत शंभर एकरांपैकी अनुक्रमे तीस, वीस व दहा एकर जमीन कालव्याने भिजते. तिन्हींची सरासरी वीस एकर झाली. तिसरा जिल्हा सरासरीच्या दहा एकर मागे आहे. ही त्याची मागे राहिलेली बाकी. तिलाच ‘अनुशेष’ असे नाव मिळाले. पाटबंधारे, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने अशा अनेक बाबींचा असा हिशेब समितीने केला. सर्व राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. उर्वरित महाराष्ट्रातही मागे पडलेले जिल्हे आहेत, हेही त्याच हिशेबातून दिसून आले. पुढे १९९४ साली राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमानुसार तिन्ही भागांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत २०२० साली संपली. विदर्भाचे वेगळे राज्य असावे की नसावे, याविषयी मतभेद अद्याप आहेत आणि दोन्ही मते बाळगणारी माणसे आपापल्या परीने लोकहिताचाच विचार मांडतात.

हुकमात लोकांना विचारलेच जात नाही. कौलात थेट विचारले जाते; पण थोडी मते कमी पडलेल्यांचेही मन सांभाळावे लागते. करारात सर्वांना आश्वासन मिळते. पण ते पाळले जाते की नाही, हे कोणीतरी वर्षानुवर्षे पाहावे लागते. गोव्यात हरलेल्यांनी निकाल मानला म्हणून कौलाची शोभा राहिली. विदर्भात अनुशेषाचा हिशेब मांडला गेला म्हणून कराराचा विसर पडला नाही. दिलेल्या शब्दाची नोंद ठेवणे, तो पाळला गेला की नाही हे मोजणे आणि पाळला नसेल तर शांतपणे पण ठामपणे विचारणे, हे नागरिकाचे काम होय. मतपेटीत मत टाकण्यास काही क्षण पुरतात. हे काम मात्र पिढ्यान् पिढ्या करावे लागते.

स्वाध्याय

१. हुकूम, कौल आणि करार या तीन रीतींतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने सांगा.
२. कौलात हरलेला पक्ष गोव्याच्या निवडणुकीत कसा विजयी झाला असेल? आपले मत लिहा.
३. राजधानी हलल्यावर नगरातील कोणकोणत्या व्यवसायांवर परिणाम होतो?
४. ‘अनुशेष’ म्हणजे काय? आपल्या शाळेतील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : वेगळी चूल मांडणे, पडसाद उमटणे, विश्वास टाकणे.