भाड्याच्या घरासाठी वस्ती निवडताना

भाड्याने देण्यासाठी बैठे घर किंवा रो-हाऊस घ्यायचे, तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कोणती वस्ती निवडावी? ॲरिस्टॉटल म्हणतो, जोड्याचे उपयोग दोन: पायात घालणे आणि विकणे. घराचेही तसेच आहे बघा. घेणारा भाव पाहतो, पण राहायचे असते भाडेकरूला. म्हणून वस्ती त्याच्या नजरेने पाहावी, असे आम्ही म्हणतो.

पहिली गोष्ट पाणी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठचे घर स्वस्त का मिळते, ते यावरून कळेल. बैठ्या घराला वरचा मजला नसतो. पाणी शिरले की भाडेकरूचा सगळा संसार भिजतो. तेव्हा पूररेषेचा नकाशा पाहावाच, शिवाय जुन्या शेजाऱ्यांना विचारावे, २००५ साली पाणी कुठवर आले होते?

दुसरी गोष्ट कागद. उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर, लष्करी छावणीच्या बराकींत, सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी. त्यामुळे तिथे विक्रेत्याचा करारनामा पुरत नाही. जमिनीची मूळ सनद आणि बांधकामाची परवानगी, दोन्ही मागावीत. मे २०२१ मध्ये तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. दंड भरून बांधकाम नियमित होते, स्लॅब काही मजबूत होत नाही.

तिसरी गोष्ट भाडेकरूची रोजची वाट. अंबरनाथला एमआयडीसी आणि आयुध निर्माणी आहे, तिथल्या कामगाराला कारखाना जवळ हवा. बदलापूरचा भाडेकरू बहुधा लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारा. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ असे एजंट म्हणाला, तर विचारावे, चालत की रिक्षाने? आणि रात्री उशिरा, पावसात, ती वाट स्वतः चालून पाहावी.

हिशेब करताना घरपट्टी, डागडुजी आणि घर रिकामे राहील ते महिने वजा करावेत. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

हे सगळे जुळले तरी एक प्रश्न उरतो. या घरात आपली लेक राहायला असती, तर जुलैच्या रात्री आपल्याला झोप लागली असती का? नसती, तर ते घर दुसऱ्याच्या लेकीसाठीही घेऊ नये.