झोप गेली, तर तिची भरपाई करायला जाऊ नका

आई इस्पितळात आहे, उद्या मुलाचा बारावीचा निकाल आहे, नोकरी टिकेल की नाही कळत नाही. अशा रात्री झोप लागत नाही आणि यात शरीराचं काहीच बिघडलेलं नसतं. काळजीच्या वेळी मेंदू पहाऱ्यावर राहतो, इतकंच. प्रसंग सरला की दोन-चार दिवसांत झोप बहुतेकांची परत येते. ज्यांची येत नाही, त्यांनी त्या दोन-चार दिवसांत काय केलं, हे आधी विचारायला हवं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची कारणं तीन गटांत मांडली. एक, माणसाची मुळातली ठेवण. दोन, निमित्त झालेला प्रसंग. आणि तीन, निमित्त संपल्यावरही त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी. या तिसऱ्या गटाकडे आपलं लक्षच जात नाही, कारण त्या सवयी उपाय म्हणूनच सुरू झालेल्या असतात. रात्र वाईट गेली म्हणून सकाळी नऊपर्यंत पडून राहायचं, दुपारी दोन तास ताणून द्यायची, आणि ‘आज तरी लवकर झोपू’ म्हणत साडेआठलाच अंथरूण धरायचं. घरातली माणसंही मायेनं हेच सुचवतात. पण अशी प्रत्येक भरपाई पुढच्या रात्रीतून वजा होते.

त्याचं कारण असं. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपेत त्याचा निचरा होतो. दुपारच्या लांब झोपेनं ही ओढ रात्रीआधीच बरीच कमी होते. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडेनोसिनची वाट अडवतं. ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. चारचा चहा सोडवत नसेल तर तो शेवटचा ठरवा.

ओढीच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. ते मुख्यतः उजेडावर लागतं, आणि त्यात सकाळचा उजेड सर्वांत मोलाचा. म्हणून झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ सांभाळणं जास्त महत्त्वाचं. रात्र कशीही गेली तरी रोजच्याच वेळेला उठा आणि उजेडात थोडं चाला. दिवस जड जाईल, पण त्या रात्री झोपेची ओढ चांगली साठलेली असेल.

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपचाराचा कणा आहे: अंथरुणात फक्त झोपायचं. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांतपणे करायचं आणि डोळे मिटू लागले की परत यायचं. घड्याळ मात्र बघायचं नाही. एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठून आणणार? खुर्चीत बसा, ओट्यापाशी बसा. अंथरूण सोडणं महत्त्वाचं. सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत या दृष्टीनं फार चांगली होती. दिवसभर पसरलेल्या गादीवर जेवण, मोबाइल आणि ऑफिसचं काम चालू राहिलं, तर मेंदू ती जागा झोपेची मानेनासा होतो.

डोक्यात उद्याची कामं घोळत असतील तर ती कागदावर उतरवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधल्या एका लहान प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली.

आता गोळ्यांबद्दल. ‘अर्धीच तर घेते’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ती अर्धी गोळी बरेचदा शेजारणीच्या किंवा नणंदेच्या डब्यातली असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं आपल्याकडे ‘एच-वन’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि केमिस्टला डॉक्टरांचं व रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवावं लागतं. ही कडक व्यवस्था उगाच केलेली नाही. काही आठवडे रोज घेतल्यावर यातल्या अनेक गोळ्यांची सवय लागते. मग एकदम थांबवलं की झोप आधीपेक्षा जास्त उडते आणि माणूस समजतो, ‘बघा, मला गोळीशिवाय झोप नाहीच.’ गोळीच्या गुंगीत वृद्ध माणूस रात्री लघवीला उठला की तोल जाऊन पडतो, मांडीचं हाड मोडतं. झोल्पिडेम घेतलेले काही जण झोपेतच चालले, गाडी चालवायला बसले. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

तरीही गोळीला सरसकट नकार देणं मला योग्य वाटत नाही. घरात मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी दिलेली थोड्या रात्रींची गोळी हा आधार असतो. फक्त ती सुरू करतानाच कधी थांबवायची हे विचारून घ्या. आणि जे आधीपासून रोज घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

सर्दी-खाजेच्या गोळीनं गुंगी येते म्हणून ती झोपेसाठी घेणं वृद्धांना विशेष घातक आहे. तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, गोंधळल्यासारखं होतं. मेलाटोनिन या संप्रेरकाच्या गोळीचा उपयोग मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर शरीराचं घड्याळ जुळवायला होतो, एरवी तो बेताचाच. शिवाय कॅनडात २०१७ मध्ये तपासलेल्या काही उत्पादनांत लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन सापडलं होतं. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. दुधात चिमूटभर जायफळ ठीक. मोठ्या प्रमाणात ते विषारी ठरतं, छातीत धडधड आणि भास होतात. तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून ते उगाळून देऊ नका.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास, असं तीन महिने चाललं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यासाठीही पहिला उपचार गोळी नव्हे, तर वरच्याच नियमांवर बेतलेली वर्तनोपचार पद्धत, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तीन महिने थांबायलाच हवं असं नाही. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पायांत रात्री होणारी असह्य तगमग, पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडणं, यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. श्वास अडकणाऱ्याला तर झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते. जगणं नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नका; १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर रात्रीही, मराठीतून, विनामूल्य बोलता येतं.