विंबल्डनच्या हिरवळीवर कुमारी लीला राव

मुलगी कॉलेजांत जाते हें सांगतांना आपल्या सुशिक्षित घरांस अभिमान वाटतो. पण तीच मुलगी रोज सायंकाळीं हातांत रॅकेट घेऊन बाहेर पडूं लागली, कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळावर अजूनहि एखादी आंठी उमटतेच. खेळापायीं अभ्यास बुडतो, ही तक्रार तर ठरलेलीच. या संबंधांत मुंबईच्या एका घराची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

तें घर राव यांचें. यजमान राघवेंद्र राव हे नामांकित डॉक्टर. गृहिणी क्षमाबाई या शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या. अथर्ववेद, रघुवंश आणि तुकोबांची गाथा यांच्या संपादनानें ज्यांचें नांव झालें, तेच हे पंडित. १८९४ सालीं ते वारले तेव्हां क्षमाबाई अगदीं लहान होत्या. पित्याची विद्या त्यांनीं पुढें स्वकष्टानें मिळविली. त्यांचें ‘सत्याग्रहगीता’ हें संस्कृत काव्य १९३२ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झालें. आणि याच बाई टेनिसच्या मैदानावरहि नांवाजलेल्या होत्या!

कन्या लीला यांचा जन्म १९११ चा. त्यांचें शिक्षण बहुतेक खासगी रीतीनेंच झालें. परभणी जिल्ह्यांतील पेडगावासारख्या ठिकाणीं हा लेख वाचणाऱ्या भगिनी म्हणतील, “डॉक्टरांचें घर, मुंबईसारखें शहर, तिथें काय उणें?” हें म्हणणें खोटें नाहीं. विलायतेचा प्रवास पैशाशिवाय होत नाहीं. पण पैसेवालीं घरें मुंबईंत थोडीं नव्हतीं. जेथें आईच रॅकेट धरते असें घर मात्र विरळा.

१९३१ सालीं विंबल्डनचा अंतिम सामना दोन जर्मन तरुणींमध्यें झाला आणि कोलोनची बावीस वर्षांची सिली ऑसेम हिल्डे क्राहविंकेलला हरवून अजिंक्य ठरली. त्याच सालीं इकडे विशीच्या उंबरठ्यावरील लीलाबाईंनीं अखिल भारतीय अजिंक्यपद प्रथम जिंकलें. विंबल्डनला हिंदुस्थानांतून जेनी सँडिसन १९२९ मध्येंच जाऊन आल्या होत्या. परंतु तेथें सामना जिंकण्याचें भाग्य अद्याप कोणा भारतीय स्त्रीस लाभलें नव्हतें.

तें १९३४ सालीं लाभलें. पहिल्या फेरींत गाठ पडली ग्लॅडिस साउथवेल यांच्याशीं. पहिला सेट लीलाबाईंनीं ४-६ असा गमावला. हल्लींसारखी टायब्रेकरची सोय तेव्हां नव्हती. सहा-सहा अशी बरोबरी झाली तरी दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावयाचें. दुसरा सेट असाच लांबला. एक सेट आधींच गेलेला; हा गेला असता तर सारेंच संपलें असतें. अठरा गेम झाल्यावर तो १०-८ असा लीलाबाईंकडे आला, आणि मग तिसरा त्यांनीं ६-२ असा झटक्यांत घेतला. एकंदर छत्तीस गेम! ‘पहिली भारतीय विजेती’ एवढेंच इतिहास सांगतो; आम्हांस त्या दुसऱ्या सेटचें मोल अधिक वाटतें.

पुढच्या फेरींत फ्रान्सच्या ईडा आदामॉफ यांनीं त्यांस हरविलें. दुसऱ्या वर्षीं, १९३५ मध्यें, पुनः विंबल्डन आणि या खेपेस पहिल्याच फेरींत हार. एवढ्या लांब जाऊन रित्या हातानें परतल्यावर कोणी रॅकेट खुंटीला टांगलें असतें, तर त्यास नांवें ठेवण्याचें कारण नव्हतें. लीलाबाई मायदेशीं आल्या व १९३६, १९३७, १९३८ अशीं लागोपाठ तीन वर्षें अखिल भारतीय अजिंक्यपद त्यांनीं आपल्याकडे ठेविलें. १९४३ पर्यंत तें एकंदर सात वेळां त्यांस मिळालें.

अभ्यासाच्या तक्रारीबद्दल सांगावयाचें राहिलेंच. याच लीलाबाईंनीं पुढें आईच्या कथांवरून संस्कृतांत नाटकें रचिलीं.