मेटा-अ‍ॅनालिसिस : संकल्पना, पद्धती आणि मर्यादा

एकाच प्रश्नावरील अनेक संशोधनांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा अनुकूल अभ्यास किती व प्रतिकूल किती, अशी मोजदाद करण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. ही मोजदाद फसवी होय. कारण तीत चाळीस व्यक्तींच्या अभ्यासाला आणि चार हजार व्यक्तींच्या अभ्यासाला सारखेच मत मिळते. कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये ब्रिटिश सैनिकांना टोचलेल्या विषमज्वराच्या लसीविषयीची विखुरलेली आकडेवारी एकत्र तपासली होती. 'मेटा-अ‍ॅनालिसिस' ही संज्ञा मात्र जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये शिक्षणविषयक संशोधनाच्या संदर्भात रूढ केली.

या पद्धतीचा गाभा 'भार' या संकल्पनेत आहे. प्रत्येक अभ्यासातून परिणामाचे आकारमान आणि त्याचे प्रचरण काढले जाते. प्रचरणाचा व्यस्तांक हा त्या अभ्यासाचा भार. समजा, एका अध्यापनपद्धतीमुळे पहिल्या अभ्यासात ४ गुणांची वाढ दिसली व प्रचरण ४ आहे. दुसऱ्यात वाढ १० गुणांची, परंतु प्रचरण १६ आहे. साधी सरासरी ७ येते. भारांचे प्रमाण ४:१ असल्याने भारित सरासरी ५.२ येते. हे गणित संगणकाआधी एकदा हाताने करून पाहिलेले बरे. अभ्यासांतील फरक केवळ नमुन्यांच्या योगायोगाने पडलेला नाही असे दिसल्यास, खरा परिणामही अभ्यासागणिक बदलतो असे मानणारे यादृच्छिक-परिणाम प्रतिमान वापरावे लागते. त्यात लहान अभ्यासांचा सापेक्ष भार वाढतो.

पद्धतीचे मोल किती, हे स्ट्रेप्टोकायनेजच्या उदाहरणावरून कळते. हृदयविकाराच्या झटक्यावर शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या या औषधाच्या १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये त्या कालक्रमाने एकेक करून मिळवत नेल्या असता असे आढळले की, १९७३ मध्येच, आठ चाचण्या व २,४३२ रुग्णांअंती, मृत्यूचे प्रमाण घटत असल्याचा संख्याशास्त्रीय पुरावा पुरेसा झाला होता. त्यानंतरच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण सहभागी झाले. निष्कर्ष जवळजवळ हललाच नाही. त्यांतील नियंत्रण गटांना मात्र ते औषध मिळाले नव्हते.

याच आजारावरील मॅग्नेशियमची कथा उलट आहे. सुमारे १,३०० रुग्णांच्या सात लहान चाचण्या १९९१ मध्ये एकत्र केल्या, तेव्हा मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते असे दिसले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५८,०५० रुग्णांच्या आयसिस-४ चाचणीत कोणताही लाभ आढळला नाही. गणित चुकले नव्हते. अनुकूल निष्कर्षांचे लहान अभ्यास सहज प्रसिद्ध होतात आणि प्रतिकूल निष्कर्षांचे कपाटातच राहतात; अशी निवड आधीच झाली असेल, तर भारांची कोणतीही मांडणी ती उणीव भरून काढू शकत नाही. म्हणूनच अप्रकाशित अभ्यासांचा शोध हा या पद्धतीतील सर्वांत कष्टाचा भाग ठरतो, आणि नेमका तोच अनेक प्रबंधांत एका वाक्यात उरकलेला आढळतो.