वाफ वाचली की बगॅस उरते

सभासद बंधूंनो, उसाचे पेमेंट बाकी असताना पाइप, पंप आणि नव्या भांड्यांवर पैसा कशाला, असा सवाल सर्वसाधारण सभेत हमखास निघतो. सवाल रास्त आहे. म्हणूनच हा हिशेब आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सिंदी (रेल्वे)च्या फलाटावर जुन्या मंडळींनी कोळशाची इंजिने पाहिली आहेत. वाफ दट्ट्या ढकलायची आणि भकभक करीत धुराड्यातून आभाळात जायची. साखर कारखान्यात तसे होत नाही. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेत बरीचशी उष्णता शिल्लक असते. तिच्यावरच रस आटवला जातो.

रसात शंभर किलोला सुमारे ८५ किलो पाणी. ते सगळे गुऱ्हाळाच्या कढईसारखे उघड्यावर आटवायचे म्हटले तर बगॅस पुरायचीच नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू याने १८४३ साली यावर तोड काढून पेटंट घेतले. पहिल्या भांड्यात रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून रस कमी उष्णतेवरही उकळतो. चार भांडी असली तर एक टन वाफेवर ढोबळमानाने चार टन पाणी उडते. त्यातलीच थोडी वाफ काढून कच्चा रस तापवायला आणि पॅनला दिली, की बॉयलरची ताजी वाफ आणखी वाचते. नव्या पाइपांचे काम हेच.

आता आकडे. जुन्या पद्धतीच्या कारखान्याला शंभर टन उसामागे ५० टन किंवा जास्तच वाफ लागते. चांगल्या कारखान्यात ती ४० टनांवर, काही ठिकाणी त्याखालीही आली आहे. एक टन बगॅसपासून साधारण सव्वादोन टन वाफ होते. म्हणजे रोज २,५०० टन गाळपाला २५० टन वाफ वाचली, तर दिवसाला ११० टनांच्या आसपास बगॅस शिल्लक पडते. ती कागद गिरणीला विकता येते, नाहीतर जास्त दाबाचा बॉयलर असल्यास तिच्यावर वीज करून विकता येते.

गळका व्हॉल्व्ह, उघडा पडलेला गरम पाइप, गटारात सोडलेले गरम पाणी, यांत तर सरळ पैसाच वाहून जातो. ही दुरुस्ती हंगामाआधी, कमी खर्चात होते.

थोडे आपल्याकडचेही बोलू. पाचट आणि माती घेऊन ऊस आला की गिरणीवर नाहक भार पडतो आणि मातीने बॉयलरच्या नळ्या झिजतात. गाड्यांची पाळी चुकून गव्हाण रिकामी राहिली, तर गाळप थांबते. बॉयलर मात्र पेटताच ठेवावा लागतो. त्या तासांची बगॅस फुकट जळते.

पुढच्या सभेत उताऱ्याबरोबर शंभर टनाला वाफ किती लागली आणि गाळप किती तास बंद राहिले, हेही जरूर विचारा. दोन्ही आकडे रोजच्या नोंदीत असतात.