रेलून की वाकून?

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या वेलोड्रोमवर फ्रान्सिस फोर या दुय्यम फळीतल्या सायकलपटूने तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. फोरची सायकल शार्ल मोशेने बनवलेली ‘वेलोकार’ होती: पाठ टेकायला खुर्चीसारखी सीट आणि पायडल पुढे, म्हणजे आज जिला रिकम्बंट म्हणतात ती. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी ठरवली की हा आकार अधिकृत स्पर्धांतून बाद झाला. रिकम्बंटचे चाहते हा अन्याय अजून विसरलेले नाहीत, आणि तो अन्याय होताच. पण तेव्हापासून या सायकलची वकिली वेगाच्या जोरावर होत आली आहे. सामान लादून आठवडेच्या आठवडे चालवायची सायकल निवडताना मात्र वेगाइतका लंगडा मुद्दा दुसरा नाही.

कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी ४५ किलोमीटरला जो फायदा डोळ्यांत भरतो, तो सामानासह ताशी १८-२० किलोमीटरने जाताना बराच आटतो. त्याला अपवाद समोरच्या वाऱ्याचा. तुम्ही २० च्या वेगाने जात असाल आणि वाराही समोरून २० च्याच वेगाने येत असेल, तर हवेचा विरोध चौपट होतो. हॉलंडसारख्या सपाट, वाऱ्याच्या मुलखात रेललेल्या माणसाला त्या दिवशी खरीच सुटका मिळते. पण रोजच वारा समोरून येत नाही.

रिकम्बंटचा खरा दावा शरीराचा आहे. साध्या सायकलवर वजन तीन जागी पडतं: तळहात, सीट आणि पायडल. दिवसाचे सहा-सात तास असे गेले की तळहाताची नस दबून करंगळी-अनामिका बधिर होतात, सीटखालच्या नाजूक जागी मुंग्या येतात, मान वर धरून धरून आखडते. यातलं बरंचसं हँडल उंचावून, सीट बदलून, माप नीट जुळवून आटोक्यात येतं, पण सगळ्यांचं येत नाही. ज्याची मान किंवा मनगट आधीच बिघडलेलं आहे, त्याच्यासाठी प्रश्न बऱ्या-वाईट सायकलचा उरत नाही. प्रवासाला जायचं की घरी बसायचं, एवढाच उरतो. रिकम्बंटवर ही दुखणी जवळपास जातात. तिथे तळपाय जळजळतात आणि पायडलची उंची जास्त असेल तर बधिरही होतात, हे चाहते जरा हळू आवाजात सांगतात.

नेहमीचा आक्षेप असा की ती चढावर मार खाते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरमध्ये दहा हजार मीटरहून अधिक चढ आहे आणि तिथे रिकम्बंटवाले ९० तासांच्या मुदतीत पोहोचतात. म्हणजे आक्षेप सरसकट खरा नाही. हिशेबच करू. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो वजन, सहा टक्के चढ आणि पायांतून १२० वॅट शक्ती धरली तर वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर येतो. सायकल चार किलोंनी जड असली तरी तासाभराच्या घाटात दोनच मिनिटं जास्त लागतील. वजनाचा बाऊ उगाच केला जातो. अडचण त्या सहाच्या वेगाची आहे: इतक्या हळू दुचाकी रिकम्बंट सरळ ठेवणं कठीण, आणि पायडलवर उभं राहून दोन मिनिटं स्नायू बदलायची सोयही नाही. तीन चाकांच्या ट्राइकवर तोल सांभाळावाच लागत नाही, घाटात मध्येच थांबून पाणी प्यावं, पुन्हा निघावं. मात्र तीन चाकं तीन वेगळ्या रेषांत धावतात. एका चाकाने खड्डा चुकवला तर दुसरं त्यात जातं, आणि बसल्या जागेवरून उठून धक्का पायांवर घेता येत नसल्याने तो थेट पाठीला बसतो.

साध्या सायकलची सगळ्यात मोठी ताकद तिच्या रचनेत नाहीच; ती सर्वत्र आहे, यात आहे. तिची चेन, केबल, टायर तालुक्याच्या गावातही मिळतात, ती बसच्या टपावर चढते, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये मावते. रिकम्बंटला दोन-अडीच चेन जोडून लावाव्या लागतात, सीट किंवा चेनमार्गाची पुली मोडली तर सुटा भाग कारखान्यातूनच मागवावा लागतो. हे वैगुण्य तंत्राचं कमी आणि १९३४ च्या त्या निर्णयाचं अधिक. पण त्यामागे इतिहास आहे म्हणून आडगावात पुली मिळत नाही.

म्हणून शरीर धड असेल आणि वाट घाटाची, खडबडीत किंवा अनोळखी असेल, तर साधी सायकलच घ्यावी. हात, मान किंवा बैठक साथ देत नसेल आणि रस्ते बरे असतील, तर ट्राइक. दुचाकी रिकम्बंट घ्यायचा मोह झालाच, तर विकत घेण्याआधी पूर्ण सामान लादून ती एकदा घाटात चालवून बघा. सपाट रस्त्यावरची चक्कर मोजू नका.